विश्लेषण : आधी कानाला दडे, मग शिट्टी, मग बहिरेपणा... संगीतकार स्मेताना कर्णनादासह कसे जगले?

सर्दी झाली, सायनस भरले की कानाला दडे बसतात. आपलाच आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमतो आणि रात्री दिवा मालवला की कानात बारीक शिट्टी सुरू होते. बहुतेकांचा हा त्रास काही दिवसांत निवळतो. १८७४ मध्ये प्रागमधील एका ५० वर्षांच्या संगीतकाराचा त्रासही असाच सुरू झाला होता. आधी घशाचा संसर्ग झाला, मग कान बंद झाले. सहा महिन्यांत त्यांचे दोन्ही कान गेले आणि कानातला आवाज मात्र राहिला. बेद्रिख स्मेताना हे त्यांचे नाव. बहिऱ्या संगीतकारांचा विषय निघाला की बीथोवन आठवतो. स्मेताना यांची कथा तितकी सांगितली जात नाही. पण बंद कान आणि वाजणारा कान यांतला फरक समजून घ्यायचा असेल, तर त्यांच्या आयुष्याकडे पाहायला हवे. त्यांची सर्वाधिक वाजवली जाणारी वाद्यवृंदरचना त्यांनी पूर्ण बहिरे झाल्यानंतर लिहिली.

स्मेताना कोण होते?

स्मेताना यांचा जन्म २ मार्च १८२४ रोजी बोहेमियातील लितोमिश्ल या गावी झाला. बोहेमिया आज चेक प्रजासत्ताकात आहे. तेव्हा तो ऑस्ट्रियन साम्राज्याचा भाग होता. वडिलांचा बिअर बनवण्याचा व्यवसाय होता आणि ते हौसेने व्हायोलिन वाजवत. बेद्रिख यांनी वयाच्या सहाव्या वर्षी गावातील कार्यक्रमात पियानो वाजवला. त्यांचे शिक्षण जर्मन भाषेत झाले. ज्या चेक भाषेच्या संगीत नाटकांमुळे पुढे त्यांना चेक राष्ट्रीय संगीताचे जनक मानले गेले, ती भाषा ते मोठेपणी नीट शिकले.

१८४३ मध्ये ते प्रागला आले. पियानोच्या शिकवण्या करत त्यांनी रचनाशास्त्राचे धडे घेतले आणि १८४८ मध्ये स्वतःची संगीतशाळा काढली. पुढच्याच वर्षी त्यांचा कातेर्झिना यांच्याशी विवाह झाला. त्यांना चार मुली झाल्या. त्यातल्या तिघी १८५४ ते १८५६ या काळात एकापाठोपाठ दगावल्या. त्यातली बेद्रिश्का अवघी चार वर्षांची होती आणि संगीतात विलक्षण गती असलेली होती. तिच्या आठवणीत स्मेताना यांनी पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी रचना लिहिली.

१८५६ मध्ये ते पोटापाण्यासाठी स्वीडनमधील गोथेनबर्गला गेले. तिथली थंडी पत्नीला सोसली नाही. मायदेशी परतताना १८५९ मध्ये तिचे निधन झाले. १८६० मध्ये त्यांनी बेटिना यांच्याशी दुसरा विवाह केला आणि १८६१ मध्ये ते प्रागला परतले.

खरे यश आले ते १८६६ मध्ये. त्या वर्षी त्यांचे दोन ऑपेरा रंगभूमीवर आले. त्यातला दुसरा म्हणजे ‘द बार्टर्ड ब्राइड’. सुरुवातीला त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नाही, पण फेरफार करून १८७० मध्ये आलेली आवृत्ती गाजली. त्याच वर्षी, म्हणजे १८६६ मध्ये, प्रागच्या प्रोव्हिजनल थिएटरचे मुख्य वाद्यवृंद संचालकपद त्यांच्याकडे आले. पुढे जगप्रसिद्ध झालेले आंतोनिन द्वोर्झाक तेव्हा त्याच वाद्यवृंदात व्हायोला वाजवत होते.

पदाबरोबर विरोधकही आले. स्मेताना जर्मन वळणाचे संगीत लिहितात, चेक रंगभूमीचे नुकसान करतात, असे आरोप वृत्तपत्रांतून होत राहिले. त्यांना पदावरून हटवण्यासाठी १८७२ मध्ये मोहीमही झाली. ती फसली, पण वाद शमला नाही. आजार आला तो अशा वेळी.

१८७४ मध्ये नेमके काय झाले?

त्या वर्षीच्या एप्रिलअखेर स्मेताना यांचा घसा बिघडला. अंगावर पुरळ उठले. त्यापाठोपाठ कान बंद झाल्यासारखे वाटू लागले. इथपर्यंतची लक्षणे कोणत्याही साध्या संसर्गात शोभतील अशीच होती.

जुलैमध्ये चित्र बदलले. वरच्या सप्तकांतला एकच सूर दोन कानांना वेगवेगळा ऐकू येतो, हे त्यांच्या लक्षात आले. एका कानात तो जिथे असायला हवा तिथे असे, दुसऱ्या कानात सरकलेला. ज्याचा व्यवसायच पन्नास वादकांतला एक बेसूर ओळखण्याचा आहे, त्याच्यासाठी ही केवढी भीतीची गोष्ट असेल याची कल्पना करता येते. अधूनमधून कानांना दडे बसत आणि मोठ्या धबधब्याजवळ उभे असल्यासारखा आवाज येई. जुलैअखेर बदकांच्या शिकारीला गेले असताना अचानक हवा बदलली आणि त्यानंतर कान अधिकच बंद होऊन डोके गरगरू लागल्याची नोंद त्यांनी दैनंदिनीत केली आहे.

उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत काम करणे अशक्य झाले. त्यांनी थिएटरची जबाबदारी सहाय्यक आडोल्फ चेख यांच्याकडे दिली. सप्टेंबरमध्ये त्यांनी थिएटरला पत्र लिहून तब्येतीचा सगळा तपशील कळवला आणि सुधारणा झाली नाही तर पद सोडावे लागेल, असे सांगितले. तोवर उजव्या कानाने ऐकू येणे थांबले होते.

डावा कान शिल्लक होता. १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते घरी तासभर पियानोवर मनाला येईल ते वाजवत बसले होते. २० ऑक्टोबरच्या सकाळी जाग आली तेव्हा डाव्या कानानेही काही ऐकू येत नव्हते. त्यानंतर ते पुन्हा कधी काही ऐकू शकले नाहीत.

दडे बसणे आणि कान वाजणे यात फरक काय?

स्मेताना यांच्या लक्षणांचा क्रम समजण्यासाठी कानाची रचना थोडक्यात पाहू. कानाचे तीन भाग असतात. बाह्यकर्ण आवाज गोळा करतो. मध्यकर्णातील पडदा आणि तीन चिमुकली हाडे तो आवाज पुढे ढकलतात. आंतरकर्णातील शंखाच्या आकाराची कॉक्लिया त्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करते आणि श्रवणनस ते मेंदूकडे नेते. मध्यकर्ण म्हणजे माइक धरणारा हात आणि कॉक्लिया म्हणजे खुद्द माइक, असे समजायला हरकत नाही.

मध्यकर्ण एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या भागाशी जोडलेला असतो. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा करते. सर्दी किंवा सायनसच्या संसर्गात या नळीचे तोंड सुजते. आत अडकलेली हवा हळूहळू शोषली जाते, दाब घटतो, पडदा आत ओढला जातो. कधी आत पाणीही साचते. यालाच आपण दडे बसणे म्हणतो. यात आवाज वाटेत अडतो. माइक शाबूत असतो. सूज उतरली की बहुतेकांचे ऐकणे पूर्ववत होते.

कान वाजणे, म्हणजेच कर्णनाद किंवा टिनिटस, हे निराळे प्रकरण आहे. बाहेर आवाज नसताना शिट्टी, गुणगुण, घरघर किंवा वाफ सुटल्यासारखा आवाज ऐकू येतो. रेडिओचे स्टेशन नीट लागले नाही आणि आवाज वाढवला की खरखर वाढते, तसेच काहीसे इथे होते. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्यात स्वतःच्याच यंत्रणेतली खरखर त्याला ऐकू येऊ लागते. दडे बसल्यानेही असे होऊ शकते. तेव्हा दडे सुटले की आवाजही ओसरतो. पण कॉक्लिया किंवा श्रवणनसेला इजा झाली असेल तर आवाज टिकून राहू शकतो.

एकच सूर दोन कानांत वेगवेगळा ऐकू येणे हे बंद नळीपेक्षा कॉक्लियाच्या बिघाडाकडे बोट दाखवते. कारण नळी बंद झाली की आवाज दबतो, पण सूर सहसा सरकत नाही. भोवळ हेही आंतरकर्णाचेच लक्षण, कारण शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा कॉक्लियाला लागूनच असते. म्हणजे स्मेताना यांना जाणवत होते ते दडे असले, तरी जुलैपर्यंत दुखणे आतल्या कानात पोहोचले होते.

डॉक्टरांनी कोणते उपचार केले?

प्रागमधील कानाचे नामांकित डॉक्टर इमान्युएल झाउफाल यांच्याकडे त्यांच्यावर उपचार झाले. या आजारपणात त्यांना घराबाहेर पडायला मनाई झाली, कान कापसात गुंडाळले गेले आणि संपूर्ण शांतता पाळण्यास सांगण्यात आले. दुखऱ्या पायाला विश्रांती देतात तशी कानाला द्यावी, असा त्यामागचा विचार. बहिरे होण्याची भीती मनात घेऊन एक संगीतकार निःशब्द घरात बसून राहिला. शांततेत कर्णनाद अधिक ठळक होतो, हे आज माहीत आहे. कारण त्याला झाकणारा दुसरा कोणताच आवाज उरत नाही.

परदेशी तज्ज्ञांना दाखवायचे तर पैसा हवा होता. प्रागमधील त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि गोथेनबर्गमधील एका जुन्या मैत्रिणीने मिळून १,२४४ गुल्डन जमवले. १८७५ मध्ये स्मेताना जर्मनीतील वुर्झबर्गला डॉ. ट्रोल्च यांच्याकडे आणि व्हिएन्नाला डॉ. पोलित्झर यांच्याकडे गेले. त्या काळी कानाच्या वैद्यकात युरोपातली ही दोन मोठी नावे होती.

यातला योगायोग असा, की आडाम पोलित्झर यांनी १८६३ मध्ये बंद युस्टेशियन नळी उघडण्याची पद्धत मांडली होती. रबरी फुग्याने नाकपुडीतून हवा सोडायची आणि त्याच वेळी रुग्णाला घोट गिळायला लावायचे. हे तंत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. म्हणजे कानाचे दडे सोडवण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यांच्याकडेच स्मेताना पोहोचले होते. पण मोकळी करायची वाट बंद नव्हतीच. इजा आतल्या कानाला झाली होती आणि तिच्यावर तेव्हा कोणाकडेच इलाज नव्हता. ते निराश होऊन परतले.

त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांच्या दैनंदिनीत या जगण्यातून सुटका व्हावी, असा सूर उमटला होता. मुख्य संचालकपद गेले होते. त्यांचे ऑपेरा सादर करण्याच्या हक्काच्या बदल्यात थिएटरने वर्षाला १,२०० गुल्डन देऊ केले. नाइलाजाने त्यांनी ते मान्य केले. घरात पत्नीशी संबंध ताणले गेले होते. प्रागमध्ये राहणे परवडेनासे झाले.

बहिरेपणात ‘मा व्लास्त’ कसे लिहिले?

इथे तारखा बोलक्या आहेत. ‘मा व्लास्त’ म्हणजे माझा देश. बोहेमियातील स्थळे, दंतकथा आणि इतिहास यांवरच्या सहा वाद्यवृंदरचनांची ही मालिका. तिच्यातली पहिली रचना ‘विशेह्राद’ त्यांनी सप्टेंबर १८७४ च्या अखेरीस हाती घेतली, तेव्हा एक कान गेला होता. ती १८ नोव्हेंबरला पूर्ण झाली, तेव्हा दुसराही गेला होता. २० नोव्हेंबरला त्यांनी दुसरी रचना सुरू केली आणि ८ डिसेंबरला संपवली. अवघ्या १९ दिवसांत लिहिलेली ही रचना म्हणजे ‘व्ल्तावा’. दोन झऱ्यांतून उगम पावणारी नदी जंगलांतून, गावातल्या लग्नाजवळून, चांदण्यातून, खडकाळ धारेतून वाहत प्रागला पोहोचते, असा तिचा प्रवास. पाश्चात्त्य संगीत फारसे न ऐकणाऱ्यालाही तिची मुख्य धून कुठे तरी ऐकल्यासारखी वाटेल.

काहीच ऐकू येत नसताना हे कसे शक्य झाले? कान जातो तेव्हा सुरांची स्मृती जात नाही. स्मेताना चार दशकांहून अधिक काळ पियानोवर बसले होते. आठ वर्षे त्यांनी रोज वाद्यवृंद चालवला होता. बासरीवर क्लॅरिनेट चढली की कसा रंग येतो, हे त्यांना आठवणीतून ऐकू येत असे. कागदावरचे स्वर वाचताना त्यांच्या डोक्यात वाद्यवृंद वाजत होता. अडचण निराळीच होती. लिहायला बसले आणि मन एकाग्र झाले, की डोक्यातला गोंगाटही वाढत असे. म्हणून पुढे पुढे त्यांना थोडा वेळच काम करता येई. मग थांबावे लागे.

जून १८७६ मध्ये ते प्राग सोडून याब्केनित्से या खेड्यात राहायला गेले. मोठी मुलगी झोफी आणि वनाधिकारी असलेले जावई योसेफ श्वार्त्स यांचे तिथे घर होते. भोवती जंगल होते. प्रागमधल्या भांडणांपासून ते लांब होते. त्याच घरात त्यांनी ‘द किस’ हा ऑपेरा पूर्ण केला. नोव्हेंबर १८७६ मध्ये तो प्रागला रंगमंचावर आला आणि चांगलाच गाजला. त्यानंतर आणखी दोन ऑपेरा झाले. ‘मा व्लास्त’ची सहावी रचना १८७९ मध्ये संपली. जानेवारी १८८० मध्ये त्यांच्या पहिल्या जाहीर वादनाला ५० वर्षे झाल्यानिमित्त प्रागमध्ये कार्यक्रम झाला, तेव्हा बहिऱ्या स्मेताना यांनी स्वतः पियानो वाजवला. मुलीच्या स्मरणार्थ लिहिलेली तीच जुनी रचना.

कानातली शिट्टी संगीतात कशी आली?

याब्केनित्सेमध्ये पहिल्याच वर्षी, १८७६ च्या अखेरीस, त्यांनी चार तंतुवाद्यांसाठी एक रचना पूर्ण केली. तिचे नाव ‘माझ्या जीवनातून’. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. यात त्यांनी आत्मचरित्रच मांडले आहे. पहिल्या भागात तरुणपणची ओढ, दुसऱ्यात नाचगाण्याचे दिवस, तिसऱ्यात पहिल्या पत्नीवरचे प्रेम. चौथा भाग आनंदाने उसळत सुरू होतो. देशी संगीताची वाट सापडल्याचा तो आनंद. आणि मग तो मध्येच तुटतो. खालच्या तारा थरथरू लागतात आणि त्यांच्यावर पहिले व्हायोलिन एकच अतितीव्र सूर धरून ठेवते.

तो सूर म्हणजे कर्णनाद. पाश्चात्त्य स्वरलिपीतला वरच्या सप्तकातला ‘ई’. आजच्या मोजमापानुसार त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २,६३७ भरते. पियानोच्या पट्टीवर तो अगदी उजव्या टोकाजवळ येतो. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे तो एकटा सूर ऐकणाऱ्याला टोचतो. प्रत्यक्षात स्मेताना यांना संध्याकाळी त्रास देणारा आवाज एकाच सुराचा नव्हता. अनेक तीव्र सूर एकदम वाजल्यासारखा तो होता, असे त्यांनी मित्राला कळवले होते. रचनेसाठी त्यांनी त्यातून एकच सूर निवडला.

संगीताच्या इतिहासात कर्णनाद इतक्या स्पष्टपणे क्वचितच नोंदवला गेला असेल. हे दुखणे दुसऱ्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, तपासणीच्या कागदावर उमटत नाही. घरच्यांनाही ते पटवून देणे कठीण जाते. स्मेताना यांनी ते चार वादकांच्या हाती दिले आणि सभागृहातल्या प्रत्येकाला काही क्षण ऐकवले. ही रचना वाजवायला फार अवघड आहे, असे तेव्हा काही वादकांचे मत पडले. १८७८ मध्ये ती प्रागला खासगी बैठकीत प्रथम वाजली, तेव्हा व्हायोला द्वोर्झाक यांच्या हाती होता. १८७९ मध्ये तिचा जाहीर कार्यक्रम झाला.

मुख्य म्हणजे त्या सुरानंतर रचना संपत नाही. शिट्टी थांबते, आधीच्या भागांतल्या आठवणी थोड्या थोड्या परत येतात आणि संगीत हळूहळू शांत होते.

शेवट कसा झाला? आजार कोणता होता?

५ नोव्हेंबर १८८२ रोजी प्रागमध्ये ‘मा व्लास्त’च्या सहाही रचना प्रथमच एकत्र सादर झाल्या. वाद्यवृंद संचालक होते आडोल्फ चेख, आठ वर्षांपूर्वी स्मेताना यांनी ज्यांच्याकडे काम सोपवले तेच. श्रोत्यांनी स्मेताना यांना डोक्यावर घेतले. त्यांना टाळ्या दिसल्या, ऐकू आल्या नाहीत.

पण आजार पुढे सरकत होता. आपल्याला वेड लागेल की काय, ही भीती त्यांनी १८७९ मध्येच कवी यान नेरुदा यांना कळवली होती. १८८२-८३ च्या हिवाळ्यात झोप उडाली, भास होऊ लागले, मधूनच वाचा जाऊ लागली. तरीही १८८३ मध्ये त्यांनी दुसरी तंतुवाद्यरचना पूर्ण केली. २३ एप्रिल १८८४ रोजी त्यांना प्रागच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तिथेच १२ मे १८८४ रोजी, वयाच्या ६० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मृत्यूची अधिकृत नोंद वार्धक्यातील बुद्धिभ्रंश अशी झाली. सिफिलिसचा संसर्ग मेंदू आणि आतल्या कानापर्यंत पोहोचला होता, असे मत पुढे बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारले. घशाचा त्रास, पुरळ, झपाट्याने आलेला बहिरेपणा आणि अखेरची मानसिक अवस्था यांचा मेळ त्याच्याशी बसतो. काही तज्ज्ञांनी यावर आक्षेप घेत बालपणी झालेल्या स्फोटातील इजेमुळे चेहऱ्याच्या हाडांत राहिलेल्या जुनाट संसर्गाकडे लक्ष वेधले आहे. सिफिलिसवर परिणामकारक ठरलेल्या पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये, स्मेताना गेल्यानंतर ४४ वर्षांनी. या संसर्गामुळे येणारा बहिरेपणा आज वेळेत ओळखला, तर त्यावर उपचार होऊ शकतात.

आज असा त्रास झाला तर काय करावे?

स्मेताना यांचा आजार विरळा होता. सायनसनंतर कानाला दडे बसलेल्या प्रत्येकाने बहिरेपणाची धास्ती घेण्याचे कारण नाही. सर्दीनंतरचे दडे सहसा काही दिवसांत ते काही आठवड्यांत सुटतात. वारंवार गिळणे, जांभई देणे, च्युइंगम चघळणे याने नळी उघडायला मदत होते. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुतल्यास आराम पडतो. नाक चोंदल्यावर वापरायचे स्प्रे डॉक्टरांना न विचारता चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. नाक उलट अधिक चोंदते. जोरात नाक शिंकरू नये. कानात लसणाचे गरम तेल सोडणे, काडी किंवा इअरबड घालणे टाळावे, कारण अडथळा पडद्याच्या आत असतो आणि तेल तिथवर पोहोचत नाही.

दडे कोणत्या प्रकारचे, याचा एक ढोबळ अंदाज घरी घेता येतो. एकाच कानाचा त्रास असेल तर तोंड मिटून हलकेच गुणगुणावे. आवाज बंद कानात जास्त घुमला, तर अडथळा मध्यकर्णात असण्याची शक्यता अधिक. तो चांगल्या कानाकडे सरकला, तर आतल्या कानाची तपासणी लगेच करून घ्यावी. हेच तत्त्व वापरून डॉक्टर नादकाट्याने चाचणी करतात. घरचा अंदाज हा फक्त इशारा आहे, निदान नाही. निदानासाठी ऑडिओमेट्री लागते.

एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक कमी झाले, भोवळ आली, सूर सरकलेला वाटला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली किंवा कानातून पू-रक्त आले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. सर्दीच असेल म्हणून थांबू नये. आतल्या कानाच्या अचानक बहिरेपणात स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही जितक्या लवकर तितका अधिक होतो. नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणारा आवाज, केवळ एकाच कानातला सततचा आवाज, किंवा मोठ्या माणसात एकाच कानात आठवडेच्या आठवडे साचून राहिलेले पाणी, यांचीही तपासणी हवी.

सगळे तपासून झाले आणि आवाज तरी राहिला तर? तो पूर्ण बंद करणारे खात्रीचे औषध आजही नाही. पण त्याचा त्रास कमी करता येतो. यातला पहिला उपाय स्मेताना यांना दिलेल्या सल्ल्याच्या नेमका उलट आहे : निरव शांतता टाळायची. झोपताना पंखा, पावसाचा किंवा मंद संगीताचा आवाज ठेवायचा. कर्णनाद पूर्ण बुडेल इतका मोठा नाही, त्याच्या जोडीला राहील इतका. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला मागे पडतो. आवाजाबद्दलची भीती कमी करणाऱ्या समुपदेशनाचा, विशेषतः कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीचा, चांगला उपयोग होतो. मेंदूने एखादा आवाज धोक्याचा नाही असे एकदा ठरवले, की तो घड्याळाच्या टिकटिकीसारखा मागे सरकतो. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते मनात ठेवू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

स्मेताना यांच्याकडे श्रवणयंत्र नव्हते, स्टेरॉइड नव्हते, समुपदेशक नव्हता. त्यांच्याजवळ होते ते मुलीचे घर, भोवतीचे जंगल आणि बेताबेताने करायचे काम. आजार त्यांना हरवून गेला, पण मधली बरीच वर्षे त्या आवाजासह कामाची गेली. दरवर्षी १२ मे रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, ‘प्राग स्प्रिंग’ संगीत महोत्सव सुरू होतो. परंपरेने पहिल्या संध्याकाळी ‘मा व्लास्त’ वाजते. लिहिणाऱ्याने स्वतः एकदाही न ऐकलेले ते संगीत ऐकायला सभागृह भरलेले असते.